चुंबकापर्यंतची वीजवाट

अणुसंमीलनाची बातमी आली की तिच्यात १५ कोटी अंश सेल्सिअसचा उल्लेख येतोच. इतका तापलेला हायड्रोजन कुठल्याही भांड्यात मावत नाही, म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्रात कोंडायचे आणि त्यासाठी अजस्र चुंबक उभारायचे, इथवर बहुतेक लेख वाचकाला आणून सोडतात. त्या चुंबकांमध्ये वीज शिरते कशी, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश इथे सात भागीदार मिळून उभारत असलेल्या ‘ईटर’ या प्रकल्पात हा प्रश्न फार मोठा आहे. तिथल्या १८ उभ्या मुख्य चुंबकांतून ६८,००० अँपिअर प्रवाह वाहायचा आहे. हे चुंबक उणे २६९ अंशांना थंड ठेवलेले असतील आणि वीजपुरवठ्याची यंत्रे दुसऱ्या इमारतींत, नेहमीच्या तापमानाला असतील. या दोहोंमध्ये जी वाट आहे तिच्याविषयी हा लेख आहे. अणुभट्टीत तयार झालेली वीज शहराकडे नेणाऱ्या तारांशी तिचा संबंध नाही. ती उलट दिशेची, भट्टी चालू ठेवण्यासाठी आत जाणारी वीजवाट आहे. या वाटेतला अतिवाहक हा सर्वांत कमी त्रास देणारा भाग असतो. खरी कसोटी तिच्या टोकांची आणि सांध्यांची लागते, आणि म्हणून चुंबक ठरल्यावर उरलेल्या जागेत तारा ओढू, ही रीत संमीलनाच्या यंत्राला चालत नाही, असे माझे म्हणणे आहे.

अतिवाहकता हा गुण हाइक कामरलिंग ओनेस यांना १९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे पाऱ्यात आढळला. ठरावीक तापमानाखाली गेल्यावर काही पदार्थांचा विद्युतरोध कमी होत नाही, तो नाहीसाच होतो. स्थिर एकदिश प्रवाह मग काहीही न गमावता वाहत राहतो. चुंबकाला हे वरदानच आहे, कारण चुंबकाला सतत ऊर्जा लागत नाही, सतत प्रवाह लागतो. तांब्याच्या वेटोळ्यांनी एवढे क्षेत्र तासन्‌तास टिकवायचे ठरवले, तर भट्टीने निर्माण केलेल्या विजेचा मोठा हिस्सा वेटोळी तापवण्यातच जाईल. म्हणून ईटरच्या मुख्य चुंबकांत निओबियम आणि कथिल यांचे संयुग वापरले आहे, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाहकांत निओबियम-टायटॅनियम. चुंबकांच्या सगळ्या जोडण्या धरल्या तर प्रवाह आत-बाहेर नेणारी ६० टोके आहेत, आणि त्यांच्या क्षमतांची बेरीज सुमारे २६ लाख अँपिअर भरते.

पहिला आक्षेप साहजिक आहे. चुंबक अतिवाहक असावा हे पटते, पण त्याच्यापर्यंतची ४०-५० मीटरची वाट तांब्याची का नको? थोडा हिशेब करून पाहू. तांब्याच्या पट्टीतून दर चौरस मिलिमीटरला २ अँपिअर असा बेताचा प्रवाह न्यायचा म्हटले, तर ६८,००० अँपिअरसाठी ३४,००० चौरस मिलिमीटरचा छेद लागतो. अशा पट्टीचे वजन मीटरला ३०० किलोच्या आसपास जाते आणि प्रत्येक मीटरमध्ये २.३ किलोवॉट उष्णता तयार होते. जाण्या-येण्याची मिळून १०० मीटर वाट धरली तर एकाच जोडणीत २३० किलोवॉट निव्वळ वाया जातात. उलट, चांगल्या निर्वात नळीत ठेवलेल्या अतिवाहकाला बाहेरून मीटरमागे जेमतेम एखादा वॉट उष्णता पोचते. उणे २६९ अंशांवरचा एक वॉट बाहेर काढायला शीतकरण यंत्राला अडीचशे ते तीनशे वॉट वीज लागते, हे खरे. तरीही हिशेब अतिवाहकाच्या बाजूने झुकतो. जपानमधल्या तोकी इथल्या ‘लार्ज हेलिकल डिव्हाइस’ या यंत्राने तो प्रत्यक्षात उतरवून दाखवला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या त्या यंत्रात चुंबक आणि वीजपुरवठा यांच्यामध्ये ३२,००० अँपिअर क्षमतेच्या नऊ लवचीक अतिवाहक वाहिन्या टाकल्या होत्या. त्यांची एकूण लांबी सुमारे ५०० मीटर होती. नालीदार नळ्या एकात एक बसवून केलेल्या या वाहिन्या वळवून, वाकवून नेता येत होत्या. तीनशे किलो वजनाची तांब्याची पट्टी अशी वळत नाही.

तरीही ईटरच्या रचनाकारांनी सगळी वाट अतिवाहक केलेली नाही. वीजपुरवठ्याच्या इमारतींपासून यंत्राच्या इमारतीपर्यंत पाण्याने थंड केलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत, त्या रशियाने दिल्या. तिथून पुढे चुंबकापर्यंत ‘फीडर’ म्हणतात ते अतिवाहक भाग आहेत. हे एकूण ३१ फीडर चीनमधल्या हफेई इथल्या प्लाझ्मा भौतिकी संस्थेने तयार करायला घेतले. प्रवाहाखेरीज काही फीडर थंड हीलियम आणि मोजमापाच्या तारा नेतात. म्हणजे तांबे-अॅल्युमिनियम कुठे संपवायचे आणि अतिवाहक कुठे सुरू करायचा, ही रेषा आखणे हाच रचनेतला पहिला मोठा निर्णय असतो. ती भट्टीच्या फार जवळ आणली तर नाजूक उपकरणे न्यूट्रॉनांच्या माऱ्यात आणि चुंबकीय क्षेत्रात सापडतात आणि दुरुस्तीला माणूस जाऊ शकत नाही. फार दूर नेली तर थंड नळी लांबते, सांधे वाढतात. तोकीला ही रेषा वीजपुरवठ्याशी होती, कादाराशला यंत्राच्या इमारतीत आहे. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य आहेत, कारण दोन्ही यंत्रांचे आकार, किरणोत्सर्ग आणि दुरुस्तीच्या वाटा वेगळ्या आहेत.

ही रेषा जिथे पडते तिथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो. धातूंमध्ये जो विजेचा चांगला वाहक असतो तो उष्णतेचाही चांगला वाहक असतो. एकोणिसाव्या शतकात वीडमान आणि फ्रान्झ यांनी हे नाते दाखवून दिले. आमटीच्या पातेल्यात राहिलेल्या पळीचा दांडा जसा हाताला चटका देतो, तशी तांब्याची प्रत्येक जोडणी बाहेरची ऊब थेट अतिथंड भागात पोचवते. जोडणी बारीक केली तर उष्णता कमी शिरते, पण प्रवाहाने ती स्वतःच तापते. जाड केली तर तापत नाही, पण ऊब आत घेते. या ओढाताणीतून जो सर्वोत्तम आकार निघतो त्यातही, हीलियमच्या वाफेने थंड केलेल्या तांब्याच्या जोडणीतून दर हजार अँपिअरमागे सुमारे एक वॉट उष्णता द्रव हीलियमपर्यंत पोचते. एक वॉट ऐकायला किरकोळ वाटतो. पण तेवढ्याने तासाला जवळजवळ दीड लिटर द्रव हीलियम उकळून जाते. २६ लाख अँपिअरला हा आकडा लावला की तासाला साडेतीन हजार लिटरहून जास्त हीलियम नुसत्या टोकांवर उकळेल, आणि ते सगळे पुन्हा द्रवरूप करावे लागेल. इतकी वीज शून्य रोधाने वाहून नेण्यासाठी केलेली सगळी खटपट मग या टोकांवरच वाया जाऊ लागते.

यावरचा तोडगा १९८६ मध्ये दृष्टिपथात आला. झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये बऱ्याच जास्त तापमानालाही टिकणारी अतिवाहकता सापडली आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही ऑक्साइडे म्हणजे एक प्रकारची सिरॅमिक. ती वीज रोधाविना नेतात आणि उष्णता मात्र तांब्याच्या मानाने फार थोडी नेतात. वीडमान-फ्रान्झ नियमाची धातूंवरची पकड इथे सुटते. मग जोडणीचे दोन तुकडे करायचे. बाहेरून सुमारे ६५ केल्विनपर्यंतचा, म्हणजे उणे २०८ अंशांपर्यंतचा तुकडा तांब्याचा ठेवायचा आणि तो ५० केल्विनच्या हीलियम वायूने थंड करायचा; तिथून ५ केल्विनच्या आसपासपर्यंतचा तुकडा बिस्मथयुक्त सिरॅमिक अतिवाहकाचा करायचा. याचा फायदा थर्मोडायनॅमिक्सच्या साध्या गणितातून कळतो. ५० केल्विनवरची उष्णता बाहेर काढायला आदर्श यंत्राला पाचपट काम पडते, ४.५ केल्विनवर तेच ६५ पटींच्या पुढे जाते. तांब्यातून येणारी बहुतेक उष्णता स्वस्त पायरीवरच अडवली जाते. जिनिव्हाच्या ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ या कणत्वरकाने अशा हजारावर जोडण्या वापरून ही कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली, पण त्यांतला सर्वाधिक प्रवाह १३,००० अँपिअर होता. ईटरला त्याच्या पाचपट हवा होता. हफेईत चाचणी-जोडणीतून ९०,००० अँपिअर नेऊन दाखवले गेले, तेव्हा हा मार्ग मोकळा झाला. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या ‘वेंडेलश्टाइन ७-एक्स’ यंत्रात तर जोडण्या उलट्या, म्हणजे गरम टोक खाली आणि थंड टोक वर, अशा बसवाव्या लागल्या, कारण यंत्राच्या रचनेत वीज खालूनच येऊ शकत होती. थंड आणि जड हीलियम वर, गरम वायू खाली, ही स्थिती अस्थिर असते. कार्ल्सरूहच्या संस्थेला त्यासाठी १४ जोडण्यांची वेगळी रचना करावी लागली. यंत्र आधी आणि वाट नंतर असे झाले की वाटेला अशी किंमत मोजावी लागते.

टोक सोडून आत गेले की यांत्रिक प्रश्न सुरू होतात. विरुद्ध दिशांना ६८,००० अँपिअर नेणाऱ्या दोन पट्ट्या २० सेंटिमीटर अंतरावर ठेवल्या तर त्या एकमेकींना मीटरमागे जवळजवळ अर्ध्या टनाच्या बळाने दूर ढकलतात. त्या दूर ठेवल्या तर बळ कमी होते, पण मग त्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आजूबाजूला पसरते आणि प्लाझ्मा कोंडणाऱ्या काटेकोर क्षेत्रात ढवळाढवळ करते. ग्राइफ्सवाल्डच्या यंत्रात हे क्षेत्र इतके अचूक लागते की जाण्या-येण्याचे वाहक जोडीने, एकमेकांचे क्षेत्र पुसून टाकतील असे शेजारी शेजारी नेले आहेत. म्हणून पट्ट्या जवळ ठेवून घट्ट बांधायच्या. पण घट्ट बांधले की दुसरी अडचण येते: पोलाद खोलीच्या तापमानावरून उणे २६९ अंशांना जाताना मीटरमागे सुमारे तीन मिलिमीटर आकसते. तीस मीटरच्या फीडरमध्ये हे नऊ सेंटिमीटर होतात. ईटरच्या फीडरमध्ये यासाठी एक स्वतंत्र पेटी आहे, जिच्यात वाहक इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळवला आहे. आकसण्याची सगळी ओढ ते वळण सोसते. बळाला कडक आणि आकुंचनाला लवचीक, या दोन मागण्या एकाच आधाराने पुऱ्या होत नाहीत, म्हणून आधार कुठे पक्का आणि कुठे सरकता ठेवायचा हे मीटरामीटराने ठरवावे लागते.

आता सांध्यांकडे येतो, कारण या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका पुरावा तिथे आहे. अतिवाहक वाट एकसंध बनवता येत नाही. ती तुकड्यांनी येते आणि जागेवर जोडली जाते. जोडात तांबे आणि डाग असतो, म्हणजे थोडा रोध असतोच. ६८,००० अँपिअरला एक नॅनोओहम, म्हणजे ओहमचा अब्जावा भाग, इतका रोधही साडेचार वॉटच्या वर उष्णता देतो. १९ सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाच्या कोलायडरमध्ये प्रवाह ८,७०० अँपिअरपर्यंत चढवला जात होता. पहिला कणझोत फिरून तेव्हा नऊच दिवस झाले होते. दोन चुंबकांच्या मधल्या वाहकाच्या एका सांध्याचा रोध एका नॅनोओहमपेक्षा कमी असायला हवा होता. नंतरच्या तपासात तो दोनशेच्या वर असल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणजे उष्णता होती ती साधारण दहा-पंधरा वॉट. तेवढ्याने सांधा अतिवाहक राहिला नाही, शेजारचे तांबेही तिथे नीट सलग जोडलेले नव्हते, त्यामुळे प्रवाहाला दुसरी वाट उरली नाही आणि विजेची ठिणगी पेटली. तिने हीलियमच्या आवरणाला भोक पाडले. सुमारे सहा टन हीलियम बाहेर पडले, त्याच्या दाबाने अवजड चुंबक जागचे हलले, ५३ चुंबक दुरुस्तीसाठी वर काढावे लागले आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. एकही चुंबक स्वतःहून बिघडला नव्हता. बिघाड चुंबकांना जोडणाऱ्या वाटेत होता.

या घटनेवरून कोणी म्हणेल की अशी नाजूक वाट भट्टीसाठी वापरूच नये. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण वीजनिर्मितीच्या भट्टीला वर्षभर बंद पडणे परवडणार नाही. पण पुढे जिनिव्हाला काय झाले तेही पाहिले पाहिजे. दुर्घटनेपूर्वी तिथल्या वाहकांवर नजर ठेवणारी यंत्रणा एक व्होल्टचा फरक पडल्यावर जागी होत असे. नवी यंत्रणा ०.३ मिलिव्होल्टला जागी होते. नंतरच्या मोठ्या बंदकाळात दहा हजारांवर सांधे तपासून बळकट करण्यात आले, त्यांच्यावर तांब्याचे जादा पूल बसवले. त्याच वाहकांवर कोलायडरने पुढे वर्षानुवर्षे काम केले. तत्त्व चुकलेले नव्हते. सांध्याकडे पाहण्याची दृष्टी अपुरी होती. सांधा मोजता येईल, त्याच्यापर्यंत पोचता येईल आणि तो नादुरुस्त झाला तरी प्रवाहाला तांब्याची पर्यायी वाट राहील, या अटी सुरुवातीच्या आराखड्यातच असल्या तर हा आक्षेप बऱ्याच अंशी निवळतो. त्या नंतर घालायच्या म्हटल्या की बंद यंत्र उघडावे लागते.

भट्टीत या वाटेवर आणखी एक जबाबदारी येते. ईटरच्या १८ मुख्य चुंबकांच्या क्षेत्रात ४१ अब्ज ज्यूल ऊर्जा साठलेली असेल. घरगुती मीटरच्या भाषेत ती ११ हजार ४०० युनिटच्या आसपास भरते. चुंबकाचा एखादा भाग तापून अतिवाहकता गमावू लागला, ज्याला या क्षेत्रातले लोक ‘क्वेंच’ म्हणतात, तर ही ऊर्जा त्या ठिपक्यावर ओतली जाण्याआधी काही सेकंदांत बाहेरच्या रोधकांकडे वळवावी लागते. ती याच फीडरमधून बाहेर पडते. म्हणजे संकटाच्या क्षणी चुंबक निकामी झाला तरी वाट शाबूत राहिली पाहिजे, आणि शीतकरण थांबले तरी टोकांनी काही मिनिटे तग धरला पाहिजे. त्याच वेळी वाहकांवर हजारो व्होल्टचा दाब येतो. पूर्ण निर्वात आणि वातावरणाच्या दाबाची हवा, दोन्ही विजेला चांगले अडवतात. पण मधल्या विरळ दाबाला वायू सर्वांत सहज ठिणगी पडू देतो, हे पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवले. निर्वात नळीला बारीकशी गळती लागली तर नेमका तोच घातक दाब तयार होऊ शकतो. म्हणून फीडरच्या विद्युतरोधनाची परीक्षा मुद्दाम अशा बिघडलेल्या निर्वातात घेतात. अतिवाहकतेशी याचा काही संबंध नाही, तरीही सांध्यावर हाताने गुंडाळलेल्या काचतंतूंच्या पट्टीत राहिलेला हवेचा एक बुडबुडा ही परीक्षा नापास करू शकतो.

सध्या उत्साहाने मांडला जाणारा आक्षेप असा की नव्या, उच्च तापमानाच्या अतिवाहक फितींमुळे हे सगळे प्रश्न सुटतील. त्या उत्साहाला आधार आहे. २०२१ मध्ये एमआयटी आणि ‘कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स’ यांनी अशा फितींच्या चुंबकातून सुमारे ४०,००० अँपिअर नेऊन २० टेस्लाचे क्षेत्र मिळवले. जर्मनीतल्या एसन शहरात २०१४ मध्ये एक किलोमीटरची अतिवाहक केबल द्रव नायट्रोजनवर चालू झाली. जिनिव्हालाही त्याच वर्षी मॅग्नेशियम डायबोराइडच्या २० मीटरच्या वाहिनीतून २४ केल्विनला २०,००० अँपिअर नेले, आणि तिथेही हेतू वीजपुरवठ्याची यंत्रे किरणोत्सर्गापासून दूर हलवण्याचाच होता. थंडी सौम्य झाली की शीतकरणाचा खर्च घटतो, यात वाद नाही. पण सांधे तसेच राहतात, बळ तसेच राहते, आणि एका नव्या अडचणीची भर पडते. जुन्या अतिवाहकांत क्वेंच सेकंदाला काही मीटर वेगाने पसरतो, त्यामुळे व्होल्टचा फरक लवकर कळतो. नव्या फितींत तो मिलिमीटर-सेंटिमीटरने सरकतो. एकच ठिपका जळेपर्यंत बाहेर खूण उमटत नाही. त्यामुळे व्होल्ट मोजण्याखेरीज प्रकाशतंतूंनी तापमान पाहण्यासारखे उपाय शोधले जात आहेत. नवा पदार्थ चुंबक लहान करील. वाटेची रचना मात्र त्याने अधिक काटेकोर मागितली आहे.

ईटरच्या खड्ड्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये यंत्राचा जो पहिला भाग उतरवला गेला तो चुंबक नव्हता, सुमारे दहा मीटर लांबीचा फीडरचा तुकडा होता, कारण नंतर तिथे पोचायला जागाच उरली नसती. हा क्रम मला या विषयातला सर्वांत ठोस युक्तिवाद वाटतो. ज्या क्रायोस्टॅटच्या भिंतीतून हे फीडर आत शिरतात ते सुमारे ३० मीटर उंचीचे पोलादी कवचपात्र भारताने दिले आहे. लार्सन अँड टुब्रोने ते हजिऱ्याच्या कारखान्यात तयार केले. थंड हीलियम नेणाऱ्या वाहिन्याही भारताच्या वाट्याच्या आहेत. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘एसएसटी-१’ हे अतिवाहक चुंबकांचे यंत्र २०१३ मध्ये सुरू झाले, आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात निओबियम-टायटॅनियमच्या तारा व केबल बनवण्याचे काम झाले आहे. पात्र, वाहिन्या, तारा हे तिन्ही धागे देशात आहेत. ६० ते ७० हजार अँपिअरची टोके आणि नॅनोओहमचे सांधे मोठ्या संख्येने बनवून, तपासून देण्याचा अनुभव मात्र हफेईकडे गेला. ईटरमध्ये ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग सुधारित वेळापत्रकानुसार २०३९ मध्ये व्हायचे आहेत. तोवर हाताशी असलेली वर्षे आपल्या संस्थांनी सांध्यांची आणि टोकांची स्वतंत्र प्रयोगशाळा उभारण्यात घालवावीत, आणि पुढच्या भारतीय यंत्राच्या पहिल्या आराखड्यावर चुंबकाआधी या वाटेची रेघ मारावी.